आहे तेवढाच पिवळा

कुरांबा
१२ ऑगस्ट २००८

क्लेमकाका,

पाकिटात रुमालात गुंडाळलेलं कॅमेऱ्याचं कार्ड आहे. ते आधी काढून नीट ठेव आणि मग वाच, नाहीतर नेहमीसारखं पाकीट फाडून शेगडीत टाकशील आणि वर मलाच शिव्या घालशील. इथलं इंटरनेट तुला माहीत आहे, एक फोटो पाठवायला अख्खी सकाळ जाते, म्हणून टपालाच्या गाडीने पाठवतेय. हे कार्ड पुन्हा मिळणारं नाही. त्यात रोरी ऑर्मंड मरतो.

तुला बातमी कळली असेलच, पण लोक फोनवर काहीबाही सांगतात. मी कठड्याला टेकून उभी होते, म्हणून माझ्याकडून ऐक. रविवारी रोडिओत, वळूवर बसून टिकायच्या शेवटच्या फेरीत, रोरीच्या वाट्याला बिशप आला. तोच काळापांढरा वळू, ज्याने गेल्या साली दोघांचे जबडे फोडले होते. फाटक उघडलं आणि पहिल्या उड्या रोरीने अशा काढल्या की कठड्यावरची म्हातारी मंडळी बिअर हातात धरून गप्प झाली. मग बिशपने हवेतच अंग पिळलं. रोरी घसरला तो हात अडकलेल्या बाजूला. वळूला बांधलेल्या दोरातून मूठ सुटेना. वळू गरगर फिरतोय आणि हा त्याच्या कुशीला लटकून ओल्या पोत्यासारखा आपटतोय.

शिंगांची टोकं कापलेली असतात म्हणून बाहेरची माणसं निर्धास्त असतात. कापलेलं शिंग भोसकत नाही, चेचतं. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग दोर सुटला, रोरी खाली पडला आणि वळूचे मागचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर आले. तोंडातून रक्त आलं ते ओघळलं नाही, उडालं. माझ्या बुटांपर्यंत आलं.

आखाड्यात राखणदार दोघे होते. स्वार पडला की वळूसमोर आडवं धावायचं, त्याने आपल्या अंगावर यावं म्हणून, एवढंच त्यांचं काम. एक परका होता, तो पार पलीकडे होता. दुसरा रोरीचा थोरला भाऊ गार्थ. गार्थ म्हणतो त्याचा पाय घसरला. असेल. मी कॅमेऱ्यातून फक्त रोरीकडे बघत होते.

नंतर गार्थ ट्रकमधून बंदूक घेऊन आला आणि पिंजऱ्यात कोंडलेल्या बिशपवर गोळी झाडली. पहिली जबड्यात लागली. अर्धं तोंड लोंबतंय आणि तो लोखंडाला धडका देतोय, असं कितीतरी वेळ चाललं होतं. दुसऱ्या गोळीने गेला. मग वळूच्या मालकाने गार्थचं नाक फोडलं आणि गार्थने त्याला दाताने चावलं. म्हातारा ब्राइस, त्यांचा बाप, आखाड्यात रोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मान वळवून बघितलंही नाही. मेरिएल, रोरीची बायको, लग्नाला वर्षही झालेलं नाही, कठडा धरून उभी होती. तिची बोटं सोडवायला दोन बायका लागल्या.

आता काम. ब्राइसला गावच्या हॉलमध्ये लावायला तू छापलेला मोठा फोटो हवाय. वीस सप्टेंबरला रोरीच्या नावाने रोडिओ ठेवलाय, त्या दिवशी उघडायचा. त्याला वळूवर नीट बसलेला रोरी पाहिजे, मेलेला नको. तो तू निवड.

आणि आपलं जुनं भांडण. तू लाल माती राखाडी करतोस, रक्ताची काकवी करतोस. तुझ्या हातून गेलेला फोटो बघितला की कुणीतरी आखाडा धुऊन वाळत घातलाय असं वाटतं. या वेळी ते चालणार नाही. रंगांना हात लावायचा नाही, काका. तो माणूस रंगात मेला.

तुझी,
बर्नी


रॉकहॅम्प्टन
१९ ऑगस्ट

बर्नी,

पाकीट कात्रीने कापलं. खूश?

सगळे फोटो बघितले. मधे एकदा उठून मागच्या दारात जाऊन बसलो. माझा लाकडी पाय आहे ना, तोसुद्धा दुखला, हस पाहिजे तर.

तू मला रंग धुतो म्हणतेस. पोरी, माझा पाय गेला तेव्हा पेपरवाल्याने तो फोटो पहिल्या पानावर छापला होता, हाड बाहेर आलेलं, सगळं लालभडक. तुझ्या आजीने तो पावाच्या दुकानात बघितला. पाव तिथेच टाकून ती घरी गेली आणि आठवडाभर मला बघायला हॉस्पिटलात आली नाही, तिच्याने येववेना. ब्राइस ऑर्मंडने मला त्या वळूखालून ओढून काढलं होतं. ओळख ना पाळख. स्वतःचा खांदा निखळवून घेतला. मी जिवंत होतो, तरी माझ्या आईने मला मेलेलाच धरलं, त्या लाल रंगामुळे. म्हणून मी लाल खाली आणतो. कुणाची तरी आई बघणार असते.

असो. ब्राइससाठी चौथा फोटो घेतलाय. मोकळा हात वर, हनुवटी छातीशी, टाचा आत वळलेल्या. बापाने शिकवलेलं सगळं त्यात आहे आणि तोंडावर भीतीचं नाव नाही. इतका चांगला फोटो तू आजवर काढला नव्हतास. हे मी पुन्हा लिहिणार नाही.

पण तू मला एक गोष्ट सांगितली नाहीस, की तुला दिसलीच नाही? जाकिटाची चेन उघडी आहे, निळ्या शर्टाची टिचबटणं उडालीत आणि आत पिवळा शर्ट आहे. साधासुधा नाही, पिवळाधमक. आपल्याकडे पिवळं अंगावर घालून वळूवर कोणी बसतं का? पिवळा म्हणजे अपशकुन, हे दारातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. फाटकाजवळ कुणाचा पिवळा रुमाल दिसला तर माझा बाप त्याला लाथ घालून हाकलायचा. ऑर्मंडांच्या घरात तर पिवळा टॉवेलसुद्धा आणत नाहीत.

कुणी चेष्टा केली का त्याची? पैज लावली? ज्याने हा शर्ट त्याच्या अंगावर चढवला त्याचं नाव मला कळव. एक पाय असला म्हणून काय झालं, फोडून काढीन त्याला.

तोवर मी तो पिवळा उतरवतो. मातीच्या रंगाचा होईल, कुणाला पत्ताही लागायचा नाही. या एका बाबतीत तरी तोंड बंद ठेव.

क्लेम


कुरांबा
२६ ऑगस्ट

क्लेमकाका,

ज्याला तू फोडून काढणार आहेस, तिचं वजन तुझ्या लाकडी पायाएवढं असेल. शर्ट मेरिएलने दिला.

ती टास्मानियाच्या किनाऱ्यावरची आहे. बाप, भाऊ सगळे बोटीवर. तिकडे माणूस समुद्रात पडला तर लांबून दिसावा म्हणून पिवळं घालतात. ज्याच्या अंगावर पिवळं असेल तो सापडतो, असं ती लहानपणापासून ऐकत आलीय. तिने रोरीला वाढदिवसाला तो शर्ट दिला आणि म्हणाली, तू धुळीत पडलास तरी मला कठड्यावरून दिसशील. आणि तो बावळट निळ्या शर्टाच्या आत तो घालून गेला.

मला तेव्हा दिसला नाही, खरंच. उन्हं उतरली होती, धुळीने सगळंच पिवळं दिसत होतं.

पण गाव आता दुसरं काही बोलतच नाही. गार्थने पबमध्ये टेबलावर उभं राहून सांगितलं, या बाईने माझ्या भावाच्या अंगावर पिवळं चढवून त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गार्थच्या बायकोने तिच्या थोबाडीत मारली. मेरिएल डाळीचा डबा हातात धरून तशीच उभी राहिली, आणि गल्ल्यावरच्या बाईने डब्याचे पैसे आधी द्या म्हणून सांगितलं. त्यानंतर खिडक्या फुटल्या. मग कुणीतरी तिच्या कोंबड्यांच्या माना मुरगळून कुंपणाला ओळीने बांधल्या. परवा दारावर आणि पायऱ्यांवर पिवळा ऑइलपेंट ओतला होता, डबाभर. पोलीस आला, पायऱ्यांकडे बघितलं आणि हा वाळायला किती वेळ लागतो म्हणून विचारलं. तोही पूर्वी वळूवर बसायचा.

मी तिला म्हटलं, माहेरी जा. ती म्हणाली, तो इथे पुरलाय.

काका, आजपर्यंत लोकांनी नुसतं ऐकलंय. शर्ट कुणी बघितलेला नाही, तो रक्ताने भरला होता आणि डॉक्टरने कापून काढला. हॉलमध्ये दारूच्या नशेत अख्खं गाव असणार आणि भिंतीवर माणसाच्या उंचीचा रोरी पिवळ्या शर्टात. त्या पोरीला तिथल्या तिथे तुडवतील. त्या आखाड्यात काय होतं ते मी एकदा बघितलंय, पुन्हा बघायचं नाही.

म्हणून मी, जिने तुला रंग धुतो म्हणून इतकी वर्षं छळलं, तीच सांगते. पिवळा उतरव. पुरता उतरव. हसायचं असेल तर हसून घे.

बर्नी


रॉकहॅम्प्टन
२ सप्टेंबर

बर्नी,

हसलो नाही.

तू सांगितलंस तसं केलं. कॉम्प्युटरवर पिवळ्याची कळ डावीकडे ओढली, शर्ट मळकट पांढरा झाला. छान झालं म्हणून चहा करायला उठलो. कप घेऊन परत आलो तर फोटो वेगळाच दिसायला लागला.

आधी डोळा त्या पिवळ्याला चिकटून बसायचा. पिवळा गेला आणि डोळ्याला दुसरीकडे फिरायला मोकळीक मिळाली, तो सरळ मागे गेला. रोरीच्या वर केलेल्या हाताखाली, वळूच्या खांद्यामागे, एक माणूस उभा आहे. गार्थ.

पाय घसरला म्हणतो ना? मी पुढचे सगळे फोटो एकामागून एक लावून बघितले. रोरीचा हात अडकला, गार्थ उभा. रोरी लटकला, गार्थ तिथेच उभा, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात लोंबकळत. शिंग बसलं, गार्थ उभा. घसरला-बिसरला काही नाही. आणि त्याची नजर वळूच्या डोक्यावर नाही. राखणदार वळूचं डोकं सोडून कुठे बघत नाही, झोपेत विचारलं तरी तो हेच सांगेल. हा भावाच्या छातीकडे बघतोय. त्याला पिवळा दिसला आणि तो थिजला.

आता कळलं तो त्या पोरीवर का चवताळलाय ते. कुणावर तरी चवताळायलाच हवं त्याला.

आता मी काय करू ते सांग. पिवळा ठेवला तर मेरिएलचं काय होईल ते तू लिहिलंच आहेस. पिवळा काढला तर फोटोत काय उरतं? धाकटा भाऊ वळूवर, आणि थोरला काही कारण नसताना बघत उभा. आणि बघणार कोण? ब्राइस. जो माझ्यासारख्या उपऱ्यासाठी धावला होता. त्याची नजर गरुडाची आहे, त्याला दिसल्याशिवाय राहणार नाही. तो गार्थला हाताने मारेल, नाहीतर गार्थ स्वतःच घरातली बंदूक काढेल. ज्या म्हाताऱ्याने मला जगवलं, त्याचा उरलेला मुलगा मी माझ्या हाताने संपवायचा का?

कापून टाकावा म्हटलं तर गार्थ नेमका रोरीच्या काखेखाली आलाय, त्याला कापायचं तर रोरीचा हात जातो. कॉम्प्युटरवर पुसूनही टाकता येतो. पण रंग उतरवणं वेगळं आणि उभा माणूस पुसणं वेगळं, ते मी करायचा नाही. दुसरा फोटो घ्यावा तर आधीच्यांत तोंडावर फाटकाच्या सळया आहेत आणि नंतरच्यांत मरण आहे. आयुष्यभर वाटत होतं की रंग कमी केला म्हणजे कुणाचं तरी भलंच होतं. मला भीती वाटतेय, पोरी.

क्लेम


कुरांबा
९ सप्टेंबर

क्लेमकाका,

अक्षर बघून दचकू नकोस. हे पत्र मेरिएल लिहितेय, मी बाजूला पडून सांगतेय. माझी उजव्या हाताची दोन बोटं मोडलीत.

गार्थ आला होता. मी राहते त्या कारवानचं दार मी उघडेपर्यंत त्याने लाथेने आत घातलं. कार्ड कुठे आहे म्हणाला, तुझ्याकडे पाठवलं म्हटल्यावर कॅमेरा उचलून चुलीच्या कडेवर आपटला, काचा फुटेपर्यंत. मग माझा हात टेबलावर दाबून धरला. मला वाटलं तो फोटो नको म्हणणार. पण त्याचं म्हणणं उलटंच होतं. तो म्हणाला, "क्लेमला सांग, पिवळा वाढव. दारातून दिसला पाहिजे, आंधळ्याला दिसला पाहिजे." मी म्हटलं, काका रंग वाढवत नाही, कमी करतो. तेव्हा त्याने बोटं मागे वाकवली. मोडताना माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता आणि रडत होता.

त्याला माहीतच नाही की तोही त्या फोटोत आहे. माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्याने मला तिथेच संपवलं असतं, म्हणून गिळलं.

गेल्यावर मी मेरिएलकडे आले, दुसरं कोण होतं? तिनेच फळकुट लावून बोटं बांधली, बोटीवर शिकलेली आहे. तुझं पत्र मी तिला वाचायला दिलं. द्यायला नको होतं की काय कोण जाणे. तिने दोनदा वाचलं आणि पायऱ्यांवर जाऊन बसली, त्या पिवळ्या पायऱ्यांवर.

माझं म्हणणं तेच आहे. उतरव. गार्थचं जे व्हायचं ते होवो. त्याने भावाला मरू दिलं आणि माझी बोटं मोडली, त्याच्या बापाची दया मला येत नाही. मेरिएल जगली पाहिजे. बस, एवढंच. लिही गं, एवढंच लिही.

बर्नी

मिस्टर क्लेम व्हेसी, यापुढचं माझं आहे. बर्नीला गुंगीचं औषध दिलंय, ती झोपली.

मला इथलं पिवळ्याचं काही माहीत नव्हतं हे खरं, पण रोरीला माहीत होतं. शर्ट उघडून बघितला तेव्हा तो जमिनीवर बसून हसत सुटला. मग त्याने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, परत करते. तो म्हणाला, "तुमच्याकडे याने माणूस सापडतो ना? मग मला सापडायचंय." आणि त्याने वरून निळा घालून टिचबटणं लावली. मी लावू दिली. ते माझं आहे, मी ते कुणावर ढकलत नाही.

त्यांनी माझ्या दारावर जो पिवळा ओतला तो वेगळा आहे, हिरवट, घाणेरडा. रोरीच्या अंगावरचा तसा नव्हता. गार्थला तो आणखी भडक हवाय, बर्नीला तो नकोच आहे. मला तो होता तसा हवाय. आमच्या लग्नाचा धड एक फोटो नाही. तो माझ्यासाठी काहीतरी घातलेला दिसतो असा जगात हा एकच फोटो आहे, आणि तुम्ही तो मातीच्या रंगाचा करणार आहात.

मला मारतील म्हणून घाबरू नका. ते मी बघेन. गार्थ दिसला तर दिसला. तो तिथे होता. तुम्ही कुणालाही वाचवू नका, एवढीच विनंती.

मेरिएल ऑर्मंड


रॉकहॅम्प्टन
१४ सप्टेंबर

बर्नी आणि मेरिएल,

फोटो आज मालाच्या ट्रकने निघाला, घोड्याच्या घोंगडीत बांधून. काच जाड घातलीय. हॉलमध्ये ब्राइसच्या हातात द्या आणि त्याच्याआधी कुणाला उघडू देऊ नका.

तीन प्रती काढल्या होत्या. एक उतरवलेली, एक गार्थला हवी तशी भडक, एक आहे तशी. भडक प्रतीत रोरी जाहिरातीतला वाटत होता. उतरवलेल्या प्रतीत मेल्यासारखा वाटत होता, आणि त्या फोटोत तो मेलेला नाही. त्या दोन्ही शेगडीत घातल्या. पाठवलेल्या प्रतीत मी कशालाच हात लावला नाही. माती लाल आहे. पिवळा आहे तेवढाच पिवळा आहे. आयुष्यात पहिल्यांदा असं काम केलंय, हात नुसते मांडीवर ठेवून.

ब्राइसला मी काही लिहिलं नाही. चारदा लिहायला बसलो आणि फाडलं. देवाशप्पथ, त्या माणसाच्या ऋणातून मी असा उतरेन असं कधी वाटलं नव्हतं.

बर्नी, तुझी बोटं वाचून मी काय काय बोललो ते शेजाऱ्यांनी ऐकलंय, इथे लिहीत नाही. त्या दिवशी कुणाचा कॅमेरा मागून आणू नकोस. चाकाचा पाना जवळ ठेव आणि मेरिएलच्या डाव्या बाजूला उभी राहा. मला येता येत नाही याची लाज वाटते.

क्लेम


कुरांबा
२२ सप्टेंबर

क्लेमकाका,

फळकुट अजून आहे, डाव्या हाताने लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

हॉलमध्ये शिरतानाच कुणीतरी भरलेला बिअरचा डबा फेकला. तो मेरिएलच्या भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं. तिने बाहीने पुसलं आणि चालत राहिली. मी पाना हातात धरून तिच्या डाव्या बाजूला होते. मागून एकजण वळूसारखा हंबरला आणि लोक हसले. मग कुणीतरी तिच्या केसांना हिसडा दिला. मी न बघता पाना फिरवला, तो कुणाच्या तरी गुडघ्याला लागला. कुणाच्या ते मला अजून माहीत नाही.

ब्राइसने घोंगडी ओढली.

 मग पाठीमागून आवाज उठायला लागला, घोगरा, दाबलेला. लोक पुढे सरकायला लागले आणि माझ्या मनात आलं, आता संपलं. गार्थ पुढे धावला आणि लोकांकडे तोंड करून ओरडला, "बघा. बघितलात? मी सांगत नव्हतो?" एक बाई मेरिएलच्या अंगावर थुंकली, कुणीतरी पुन्हा तिचे केस धरले.

ब्राइसने कुणाकडे लक्षच दिलं नाही. खिशातून चष्मा काढला, घातला आणि फोटोला नाक लावून बघायला लागला, अगदी सावकाश. तो बघतोय म्हणून बाकीचे थांबले. त्याने काचेवर बोट ठेवलं. आधी रोरीच्या टाचेवर, मग गुडघ्यावर, मग त्या पिवळ्यावर. तिथे बराच वेळ. मग बोट वर सरकलं आणि वर केलेल्या हाताखाली जाऊन थांबलं.

"हा तू ना?"

गार्थ वळला. त्याने तिथे आजवर बघितलंच नव्हतं, काका. त्याच्या तोंडावरचं रक्तच उतरलं.

"काय बघतोयस तू?" ब्राइसने विचारलं. आवाज चढवला नाही, लहान पोराला विचारावं तसं विचारलं.

गार्थ म्हणाला, "पिवळा, डॅड. तो पिवळा बघत होतो. बघ ना, किती पिवळा आहे."

ब्राइसने चष्मा काढला आणि म्हणाला, "बघायला वेळ होता तुला."

एवढंच. हॉलमधला एकही माणूस हलला नाही. मेरिएलचे केस ज्याने धरले होते त्याने ते सोडले. बापाने मारलं असतं तर बरं झालं असतं, असं गार्थच्या तोंडावर दिसत होतं. त्याने थोडा वेळ वाटही बघितली. मग स्वतःच वळला आणि काचेवर ठोसा मारला. पुन्हा मारला. काच फुटली तरी मारतच राहिला, स्वतःच्याच तोंडावर, फोटोतल्या. मनगटापर्यंत हात फाटला होता, काचा आत घुसलेल्या, आणि रक्त खाली यायला लागलं. बाप बघत होता. गाव बघत होतं. सगळेच उभे होते, त्या दिवशी गार्थ उभा होता तसेच. मीही.

मेरिएल गेली. मला ढकलून गेली, एका डोळ्याने दिसत नसताना. तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, "पुरे. त्याच्या शर्टावर डाग पडेल."

तो तिथेच गुडघ्यांवर बसला. तिने आपल्या गळ्यातला स्कार्फ सोडून त्याचा हात बांधला. काचा काढून मग बांधला, माझी बोटं बांधली तितक्याच नीट. त्याला ती काही बोलली नाही. मी असते तर एक लाथ घातली असती, तू मला ओळखतोस.

रोडिओ झाला नाही. वळू ट्रकमध्ये चढवून परत नेले. काल सकाळी ब्राइस लोखंडी ब्रश घेऊन मेरिएलच्या पायऱ्या खरवडत होता. तिने त्याला चहा दिला आणि दुसरा ब्रश घेऊन बसली. रंग हट्टी आहे, फटींतला निघत नाही. गार्थ घरात आहे. त्याच्याकडच्या बंदुका ब्राइस घेऊन गेला, एवढं तुला सांगून ठेवते, म्हणजे तू विचारणार नाहीस.

फोटो हॉलमध्येच आहे, बिनकाचेचा. ब्राइसने नवी काच बसवू दिली नाही. रक्त शर्टापर्यंत पोचलं नाही, वळूच्या खांद्यावर थांबलं, आणि वाळून आता मातीच्या रंगाचं झालंय. तुला ते उतरवायला नको. शर्ट मात्र दारातून दिसतो.

बर्नी